वसईच्या पडक्या चर्चमध्ये एक भोपाळकर

आमच्या घरी बटाट्याला आलू म्हणतात. आलूची भाजी, आलूबोंडा, आलूचे पराठे. माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि फायलींच्या पेट्यांबरोबर आजोबांचेही बिऱ्हाड इकडे आले. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. उरलेल्यांची 'भेल'पासून सुरू होते. नागपूरची मराठी मुळातच हिंदीच्या शेजारची, तिच्यावर भोपाळचे पाणी चढले. त्यामुळे आम्ही बोलतो ती भाषा आम्हांला मराठी वाटते, पण पुण्यात गेल्यावर कळते की तिथल्या लोकांना ती तशी वाटत नाही.

बी.ई. झाल्यावर मला पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये मी "आज आलूची भाजी आहे का?" असे विचारले आणि टेबलावर हशा पिकला. एकाने प्रेमाने समजावले, "अरे, शुद्ध मराठीत बटाटा म्हणतात." त्या टेबलावर वसईचा एक जण होता. तो शांतपणे म्हणाला, "बटाटा शुद्ध मराठी कधीपासून झाला? तो पोर्तुगिजांचा शब्द आहे. त्यांनी आमच्याकडे उतरवला आणि आमच्याकडून तुमच्याकडे आला." मग बोटे मोडत त्याने यादीच सांगितली: पाव, काजू, अननस, पपई, चावी, साबण, इस्त्री, पगार. "पगारसुद्धा?" एकाने विचारले. महिनाअखेर होती. "पगारसुद्धा," तो म्हणाला.

तेव्हापासून आमची मैत्री आहे. तो कॅथलिक ख्रिस्ती, आडनाव पोर्तुगीज, घरातली बोली सामवेदी, जिला कादोडीही म्हणतात. ती मला सुरुवातीला निम्मी समजायची, म्हणजे त्याला माझी भोपाळी जेवढी समजायची साधारण तेवढीच. त्याच्या समाजाला कुपारी म्हणतात, आणि हा शब्दही पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आला असे सांगतात. लहान मुलाच्या बाप्तिस्म्याला जो धर्मपिता होतो त्याचे आणि मुलाच्या बापाचे जे नाते, ते कोंपाद्रे. आडनाव, समाजाचे नाव, धर्म हे सगळे समुद्रापलीकडून आलेले. आणि आजी मुलांना झोपवते ती मराठीतच. तो रविवारी चर्चमध्ये जातो तिथली मिस्साही मराठीत. घरात 'सुवार्ता' मासिक. ज्यांनी ते मासिक वर्षानुवर्षे सांभाळले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्याच नंदाखालचे. २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २०२४ साली ते गेले, तेव्हा मित्राने मला फोन केला होता. घरातले माणूस गेल्यासारखा बोलत होता.

लॉकडाउनमध्ये मी भोपाळला परतलो तो इथलाच झालो. लॅपटॉप इथे, कंपनी तिथे. मित्राची गाठ फोनवरच पडे. आणि मग मागच्या वर्षी मंडळाच्या कार्यकारिणीने ठरवले की गणपतीत मुलांची नाटिका करायची, विषय 'वसईचा विजय'. संहिता कोणी लिहायची? तर "तू कॉम्प्युटरवर भराभर टाइप करतोस" या एकाच गुणावर ते काम माझ्याकडे आले.

मित्राला सहज सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "लिही की. पण आधी येऊन बघून जा. ते चर्च आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे."

पंजाब मेलने दादर, तिथून विरार लोकल, वसई रोडला उतरून रिक्षा. किल्ला वसई गावाच्या टोकाला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. आपल्याकडच्या रायसेन किंवा गिन्नौरगडासारखा हा डोंगरावर चढून जायचा किल्ला नाही. सपाट जमीन, सभोवती तट आणि आत एक अख्खे शहर, जे आता नाही. रस्ते आहेत, रस्त्यांच्या दुतर्फा ताडाची झाडे आणि झुडपे आहेत, मधूनमधून चर्चच्या भिंती उभ्या आहेत. एकाही चर्चवर छप्पर नाही. मित्र मला एकेक दाखवत होता आणि त्याच्या सांगण्यात गाइडचा आव नव्हता. आपण पाहुण्याला जुनी गल्ली दाखवताना "इथे आधी पिठाची गिरणी होती" असे म्हणतो ना, तसा तो सांगत होता.

"हे डॉमिनिकनांचं. हे फ्रान्सिस्कनांचं, इथे खाली बघून चाल." फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड बसवले आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे, घराण्यांची चिन्हे. त्या काळी प्रतिष्ठितांना चर्चच्या आतच पुरत. वरचे छप्पर गेल्यामुळे तीनशे-चारशे पावसाळ्यांतले बरेचसे थेट त्या नावांवर पडले आहेत. काही अक्षरे अजून बोटाने चाचपता येतात. एका दगडावर शेवाळ होते, त्यावर एक पोरगा निवांत बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

सेंट जोसेफचे चर्च सगळ्यांत मोठे, शहराचे मुख्य. १५४६ चे मूळ, १६०१ मध्ये पुन्हा बांधले, तसा शिलालेखही आहे. त्याचा मनोरा अजून शाबूत आहे आणि आतून वर जाणारा गोल जिना इतका अरुंद की माझ्या सध्याच्या तब्येतीला तो अंमळ अवघडच गेला. वर पोचल्यावर मात्र सगळा हिशेब एका नजरेत समजतो: खाली चर्चचा उघडा गाभारा, पलीकडे झाडीत बुडालेले शहर, त्यापलीकडे खाडी, होड्या आणि किनाऱ्यावर वाळत घातलेले मासे. वाऱ्याबरोबर त्या मासळीचा वास वरपर्यंत येतो. पाचूबंदरचे कोळी अजून त्याच पाण्यात जातात. त्यांच्यातही हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत.

जिथे घंटा असायची ती कमान रिकामी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

मला सगळ्यांत जास्त थांबवले ते येशूसंघीयांच्या चर्चने. त्याची दर्शनी भिंत अजून दिमाखात उभी आहे, नक्षीदार दगडी खांब दोन्ही बाजूंना. इथे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण होतो. त्या दिवशी त्या बिनछपराच्या चर्चमध्ये पुन्हा वेदी मांडतात, गावोगावचे लोक येतात आणि मिस्सा होते. गोन्सालो गार्सिया हे वसईत सोळाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेले. वडील पोर्तुगीज, आई वसईची. ते जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे फ्रान्सिस्कन झाले आणि जपानच्या सत्ताधीशापुढे दुभाषाचे काम केले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

वसईच्या बाईचा मुलगा नागासाकीत दुभाषा होतो, हे मी त्या खांबाला टेकून ऐकत होतो. शेजारी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढणे चालू होते. फोटोग्राफर ओरडत होता, "सर, थोडा मॅडम की तरफ देखिए!" मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

आता इतिहासाकडे. तो थोडा नीट सांगायला हवा, कारण नाटिकेत तो पाच मिनिटांत उरकावा लागतो.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या भीतीने पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई त्यांना देऊन टाकली. दोनशे वर्षांत तिथे त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली, सरदारांचे वाडे झाले, चर्चे झाली. वसईचा दगड गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेलाही गेला. बाहेरच्या गावांत मात्र सगळेच गोड नव्हते. देवळे पाडली, सणसमारंभांवर बंदी आली, धर्मांतरे झाली, आणि त्यांत जबरदस्तीही होती. हे लपवण्यात अर्थ नाही आणि मित्रही ते लपवत नाही. साष्टी-वसईतल्या लोकांची गाऱ्हाणी घेऊन अंजूरचे गंगाजी नाईक आणि अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारखी स्थानिक माणसे पेशव्यांपर्यंत गेली. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. मग दोन वर्षे झुंज चालली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, सुरुंग लावून तट उडवले, हजारो माणसे कामी आली आणि मे महिन्यात किल्ला शरण आला.

शरणागतीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, निशाणे फडकवत, ढोल वाजवत मानाने बाहेर जाऊ दिले. लोकांना सामानसुमान घेऊन निघायला दिवस दिले. आणि जे ख्रिस्ती आपल्या मर्जीने मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक राहील असे कबूल केले.

"जे मागे राहतील," मित्र म्हणाला, "ते आम्ही."

आपण शाळेत शिकतो ती लढाई चिमाजी अप्पा विरुद्ध फिरंगी अशी असते. फिरंगी गेले. सरदार गलबतांत बसले, वाडे सोडले. पण शेतावर, वाडीत, केळीच्या बागेत राबणारी माणसे कुठे जाणार? त्यांचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाले होते. कोणी मनाने, कोणी भीतीने, कोणी गाव झाले म्हणून. गोऱ्या सरदारांच्या लेखी ते बरोबरीचे नव्हते. आता नवे राज्य आले, वसईचे नाव काही काळ बाजीपूर झाले, आणि या माणसांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा केळीला पाणी घातले. मित्राच्या आजीकडे लढाईची एकही गोष्ट नाही. तिच्याकडे आहेत त्या बागेच्या, विहिरीच्या, निर्मळच्या जत्रेच्या गोष्टी. कार्तिकात निर्मळला हिंदूंची जत्रा भरते, आणि तिथून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, विकत घेतल्याशिवाय ख्रिस्ती घरांतही चैन पडत नाही. तिथून जवळच चर्च आहे. मारियेला ती 'माउली' म्हणते. वांद्र्याच्या माउंट मेरीलाही तिकडचे जुने लोक 'मोत माउली'च म्हणतात. हा शब्द आळंदीचा. तो तिथे कोणी नेऊन दिला नाही. भाषेत होता, तो वापरला गेला.

त्या संध्याकाळी आगाशीला जाऊन भुजिंग खाल्ले. हे आपल्या वाचकांना सांगितलेच पाहिजे. भुजिंग म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी, तिच्यात पोहे आणि बटाटे. पोह्यांत कोंबडी! आपण पोह्यांवर शेव, जिरावन घालणारी, बाजूला जिलबी ठेवणारी माणसे. मी पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसऱ्या प्लेटीला डोळे उघडे होते.

परतीच्या गाडीत मला वसईपेक्षा भोपाळच जास्त आठवत होते.

आपल्या मंडळात दरवर्षी कोणी ना कोणी सांगते, की बाजीराव पेशव्यांनी निजामाला कुठे कोंडले? तर इथे, आपल्या भोपाळला, डिसेंबर १७३७ मध्ये. तेव्हा दक्षिणेतून निजामाला कुमक येऊ नये म्हणून तापीकाठी कोण उभे होते? चिमाजी अप्पा. ७ जानेवारी १७३८ ला तह झाला तो दोराह्याला, आपल्याकडून तासाभराच्या वाटेवर. माळवा मराठ्यांचा झाला. म्हणजे भोपाळ आणि वसई ही दोन भावांची एकाच दमातली दोन कामे. मंडळाने वसईचा विषय निवडला तो याच अभिमानाने, आणि त्यात वावगे काहीच नाही. मलाही अभिमान आहे.

पण मी भोपाळमध्ये वाढलो. माझा शाळेतला जिवलग मित्र जुन्या शहरातला, त्याचे घर चौकाजवळच्या गल्लीत. ईदला शिरखुर्मा खायला गेलो की त्याची दादी आम्हांला गोष्ट सांगायची. गोष्ट १८१२-१३ सालची: ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला होता, वजीर मोहम्मद खान शहर लढवत होते, आत खायला उरले नव्हते आणि बायकासुद्धा तटावर चढल्या होत्या. महिनोन् महिने झाले तरी शहर पडले नाही. नागपूरकर भोसले म्हणजे आमच्या आजोबांच्या गावचे! मी तिथे शिरखुर्म्याचा वाडगा घेऊन बसलेला. गोष्टीत 'मराठे' आले की दादी माझ्याकडे बघून हसायची आणि वाडग्यात आणखी एक डाव वाढायची. "ये तो हमारा मराठा है," म्हणायची. तिने गोष्टीतले काही कमी केले नाही. भूक कमी केली नाही, तोफा कमी केल्या नाहीत. पण मी खोलीत आहे, हे ती कधी विसरली नाही.

वसईहून येताना मला हे लख्ख कळले की माझी नाटिका अशी हवी, की ती चालू असताना माझा वसईचा मित्र पहिल्या रांगेत बसू शकेल. इतिहास पातळ न करता.

जाता जाता एक. भोपाळलाही ही सरमिसळ नवी नाही. नवाबांच्या दरबारात बोर्बन नावाचे ख्रिस्ती घराणे होते. त्यांच्यातले बाल्थाझार बोर्बन शहरात शहजाद मसीह या नावाने ओळखले जात, आणि कुदसिया बेगमांच्या काळात ते राज्याच्या कारभारात अगदी वरच्या जागी होते. एकाच माणसाचे एक नाव फ्रान्सचे आणि एक फारसी. वसईच्या मित्राला हे सांगितले तर म्हणाला, "मग तुला आमचं आश्चर्य कसलं वाटतंय?"

आता त्या रिकाम्या कमानीतली घंटा.

वसई आणि आसपासच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देशावर नेल्या आणि देवळांना वाहिल्या. पालीच्या बल्लाळेश्वराला एक आहे. नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे. तिच्या आवाजामुळे 'नारोशंकराची घंटा' हा वाक्प्रचारच झाला. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्याशेजारच्या घाटावर, एक आहे. ती मी पाहिली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. 'स्वदेस' सिनेमा त्याच घाटावर चित्रित झाला. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा लक्ष ठेवा.

मी इंजिनियर आहे, त्यामुळे मला आधी त्या घंटेची रचनाच दिसली. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात टांगतात आणि खालून दोर ओढून वाजवतात. वाजवणारा एक असतो, ऐकणारे गाव असते. ती वेळ सांगते, बोलावते, कोणी गेले तर कळवते. देवळातली घंटा हाताला येईल अशी असते. येणारा प्रत्येक जण आपली आपण वाजवतो आणि ती देवाला सांगते की मी आलो. तीच धातूची वस्तू, पण काम उलटे झाले. मेणवलीला माझ्या लेकीने टाचा उंच करून ती वाजवायचा प्रयत्न केला. मारियेच्या कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, कृष्ण!" मी लगेच काही बोललो नाही. घाटावरून परत येताना तिला येशूची गोष्ट सांगितली, आणि हेही सांगितले की ही घंटा लढाई जिंकून आणली आहे. तिने विचारले, "मग त्यांच्याकडे आता घंटा नाही?"

हा प्रश्न मी नाटिकेत तसाच्या तसा घातला.

संहितेवर कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या. पहिल्या प्रवेशाला सगळ्यांनी माना डोलावल्या: गंगाजी नाईकांची फिर्याद, गावकऱ्यांची गाऱ्हाणी. वेढ्यालाही. तोफांचा आवाज कसा काढायचा यावर तर पाऊण तास चर्चा झाली (शेवटी पत्र्याचा डबा आणि पाटा). वाद झाला तो शेवटच्या प्रवेशावर. मी लिहिले होते की पोर्तुगीज ढोल वाजवत जातात, भगवा चढतो, जयघोष होतो. आणि मग रंगमंचावर एक म्हातारी येते, गळ्यात क्रूस, हातात पाण्याची घागर. मराठा शिपाई तिला विचारतो, "आजी, तुम्ही गेला नाहीत?" ती म्हणते, "कुठं जाऊ रं? केळी कोण शिंपणार?" मग तिची नात घंटेबद्दल विचारते.

एक ज्येष्ठ काका म्हणाले, "जयघोषावर पडदा पडला पाहिजे. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा पडदा टाकायचा असतो, हे नाटकाचे शास्त्र आहे." त्यांचे म्हणणे नाटकाच्या बाजूने खरे होते. दुसऱ्या एका काकूंनी विचारले की विजयाच्या दिवशी मुलांच्या मनात हे कशाला घालायचे. मी त्यांना शरणागतीची ती अट वाचून दाखवली आणि म्हटले, काकू, हेही चिमाजी अप्पांचेच आहे. मोकळीक त्यांनी दिली, आपण ती गाळायची का? त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हातारी ठेव. पण जयघोष दोनदा होऊ दे."

जयघोष दोनदा झाला. टाळ्या पहिल्यांदा जोरात झाल्या, म्हातारीला कमी. खरे तर म्हातारी आली तेव्हा मागच्या दोन रांगा चहाला उठल्या होत्या. काकांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, शास्त्र म्हणजे शास्त्र. पण पुढे बसलेल्या लहान मुलांतल्या एकाने नातीच्या प्रश्नावर मोठ्याने उत्तर दिले, "नवीन घेतली असेल!" आणि सगळे हसले. उत्तर बरोबरच आहे. त्यांनी नवी घेतली. वसईच्या गावागावांतल्या चर्चमध्ये आज घंटा वाजतात.

व्हिडिओ मी मित्राला पाठवला. दोन दिवस काही उत्तर नाही. मी इकडे फोन सारखा उलटा-सुलटा करत होतो. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तो आजीला शेजारी बसवूनच. आजींनी पूर्ण नाटिका पाहिली होती, दोनदा. मी विचारले, कशी वाटली? त्या त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी बोलल्या. मित्र हसायला लागला.

"ती म्हणते, लढाई ठीक आहे. पण म्हातारीला निळी साडी कोणी नेसवली? आमच्यात लाल चौकड्याचं लुगडं असतं. आणि घागर कमरेवर अशी नाही धरत, पडेल ती."

पुढच्या आठवड्यात कुरिअरने एक पार्सल आले. लाल चौकड्यांचे जुने, मऊ झालेले लुगडे, त्याच्या घडीत सुकेळीचा एक पुडा. लुगडे मंडळाच्या कपाटात ठेवले आहे, चिठ्ठी लावून. सुकेळी आमच्या घरी दोन दिवसांत संपली.